कोंबडा, काळा पँथर आणि जमीन

आपल्याकडे 'पँथर' हा शब्द उच्चारला की १९७२ ची मुंबई आठवते. त्या नावामागे अमेरिकेतील ओकलंड शहराचा ब्लॅक पँथर पक्ष उभा होता, हेही बहुतेक कार्यकर्त्यांना ठाऊक असते. परंतु ओकलंडच्या तरुणांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये तो काळा प्राणी ज्यांच्याकडून उचलला, ती माणसे शहरातली नव्हती. ती कापसाच्या रानात राबणारी, बहुसंख्येने भूमिहीन आणि पुष्कळशी निरक्षर अशी खेड्यापाड्यांतली माणसे होती. त्यांचा पँथर मतपत्रिकेवर छापलेला होता. तो एका ग्रामीण काउंटीच्या निवडणुकीत लढला आणि हरला. आपण ज्या नावाचा एवढा अभिमान बाळगतो, त्याचा जन्म एका निवडणुकीतल्या पराभवाच्या आगेमागे झाला आहे, ही गोष्ट आपल्या लेखनात आणि भाषणांत जवळजवळ येतच नाही. हा लेख त्या पराभवाविषयी आहे.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवताना आम्ही अध्यक्ष शिकवतो, काँग्रेस शिकवतो, सर्वोच्च न्यायालय शिकवतो. काउंटी शिकवत नाही. जसे भारतीय संविधान शिकवताना आम्ही राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करून घेतो आणि गावकीचे अधिकार मात्र सोडून देतो, तसेच हे. सत्ता जिथे माणसाच्या मानेवर प्रत्यक्ष बसते, ती जागा अभ्यासक्रमात नसते. म्हणून एकाच काउंटीवरची तीन पुस्तके मी मुद्दाम एकामागून एक वाचली. पहिले स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांचे १९६७ चे 'ब्लॅक पॉवर'. त्यातले एक प्रकरण या काउंटीवर आहे. दुसरे हसन क्वामे जेफ्रीज या इतिहासकाराचे २००९ चे 'ब्लडी लाउंड्स'. तिसरे कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स यांचे २०२० चे 'वेस्ट'. पहिले लढणाऱ्याने लिहिले आहे, दुसरे अभ्यासकाने, तिसरे त्या मातीतल्या मुलीने. तिन्ही एकत्र वाचल्यावर जे दिसते, ते एकेकटे वाचून दिसत नाही.

लाउंड्स काउंटी अलाबामा राज्यात, सेल्मा आणि माँटगोमेरी या दोन शहरांच्या मधोमध आहे. हेनव्हिल हे तिचे मुख्य ठिकाण. तिथली जमीन काळी, चिकण, कापसाची. त्या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' हे नाव आधी मातीवरून पडले, आणि त्या मातीत राबण्यासाठी ज्यांना गुलाम म्हणून आणले त्यांच्या संख्येमुळे पुढे ते नाव माणसांना चिकटले. १९६० च्या सुमारास काउंटीची लोकसंख्या साधारण पंधरा हजार होती आणि दर पाच माणसांत चार काळी होती. कारमायकेल आणि हॅमिल्टन सांगतात की ८६ गोऱ्या कुटुंबांकडे नव्वद टक्के जमीन होती. एवढ्या दोन आकड्यांत त्या काउंटीचे सगळे राजकारण सामावले आहे. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील वाचकाला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६५ च्या आरंभी या काउंटीत मतदार म्हणून नोंदलेल्या काळ्या माणसांची संख्या शून्य होती. प्रौढ काळे पाच हजारांवर होते. उलट गोऱ्यांची नोंदणी त्यांच्या प्रौढ लोकसंख्येपेक्षाही जास्त होती. म्हणजे मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही यादीत जिवंत होते. हे काही आपोआप घडले नव्हते. अलाबामाच्या १९०१ च्या संविधानाने मतदानावर कर बसवला आणि साक्षरतेच्या अटी घातल्या. परीक्षा कोणाला अवघड घ्यायची, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवी. १ मार्च १९६५ रोजी जॉन ह्यूलेट यांच्या पुढाकाराने ३९ काळी माणसे हेनव्हिलला नाव नोंदवायला गेली. दोन आठवड्यांनी त्यांतल्या दोघांची नावे यादीवर चढली. एक स्वतः ह्यूलेट.

त्या वर्षी या काउंटीच्या रस्त्यांवर काय सांडले, ते तिच्या 'ब्लडी' या विशेषणात आहे. २५ मार्च १९६५ रोजी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा संपला आणि त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या महिलेला क्लॅनच्या लोकांनी याच काउंटीत गोळ्या घातल्या. २० ऑगस्टला जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा गोरा विद्यार्थी हेनव्हिलमध्ये एका काळ्या तरुणीला वाचवताना मारला गेला. मारणारा सर्वगोऱ्या ज्युरीपुढून निर्दोष सुटला. या दोन तारखांच्या मध्ये, ६ ऑगस्टला, मतदान हक्क कायद्यावर सही झाली होती. कायदा झाला, त्याला पंधरा दिवस होत नाहीत तोच हा खून. कायद्याची शाई आणि रस्त्यावरचे रक्त एकाच महिन्यात वाळले, हे अॅट्रॉसिटीच्या केसेस लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना नवे वाटणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मत मिळाले. ते द्यायचे कोणाला?

राज्यात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची होती. राष्ट्रीय पातळीवर या पक्षाच्या अध्यक्षानेच मतदान हक्क कायदा आणला होता. पण अलाबामातील त्याच पक्षाच्या मतपत्रिकेवर पांढरा कोंबडा होता आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. ती घोषणा १९६६ साली काढली गेली, कोंबडा राहिला. काळी माणसे उमेदवार म्हणून उभी राहू नयेत म्हणून पक्षाने काउंटीत उमेदवारी शुल्क पन्नास डॉलरवरून पाचशे डॉलरवर नेले. थोर थोर हितचिंतक तेव्हा सांगत होते की आत या, हळूहळू पक्ष बदला. लाउंड्सच्या लोकांनी उलट प्रश्न केला: ज्याच्या मतपत्रिकेवरच आमचा अपमान छापलेला आहे, त्याच्यात जाऊन आम्ही काय बदलणार?

कारमायकेल आणि 'स्निक' या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांना राज्याच्या कायद्यात एक जुनी वाट सापडली. केवळ एका काउंटीपुरता पक्ष काढता येत होता. प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी जाहीर सभा घेऊन उमेदवार निवडायचे आणि सार्वत्रिक निवडणुकीत वीस टक्के मते मिळवायची, की पक्षाला मान्यता. निरक्षरांसाठी चिन्ह हवे, म्हणून काळा पँथर घेतला. अटलांटातील क्लार्क कॉलेजच्या चिन्हावरून तो काढला होता. ह्यूलेट त्याचा अर्थ सांगत, तो असा: हा प्राणी माग काढत येत नाही, मागे सरतो, पण कोपऱ्यात कोंडला की जीवावर उदार होतो. पक्षाचे खरे नाव लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. वर्तमानपत्रांनी त्याला 'ब्लॅक पँथर पार्टी' करून टाकले आणि तेच नाव जगभर गेले.

आमच्यासारख्या साहित्याच्या वाचकांनी येथे थोडे थांबले पाहिजे. स्निकच्या कार्यकर्त्यांनी या निवडणुकीसाठी चित्रांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. शेरिफ म्हणजे कोण आणि त्याने काय करायला हवे, कर आकारणी अधिकारी मळेवाल्याच्या जमिनीची किंमत कमी लावतो तेव्हा काळ्या मुलांच्या शाळेला पैसा का उरत नाही, हे चित्रांतून आणि मोजक्या शब्दांत सांगितलेले होते. अॅलिस मूर या बाई कर आकारणीच्या पदासाठी उभ्या होत्या आणि त्यांचा जाहीरनामा एका वाक्याचा होता: श्रीमंतांवर कर बसवून गरिबांना खायला घालायचे. या पुस्तिकांना कोणी साहित्य म्हणणार नाही. माझ्या मते त्यांना साहित्य न म्हणणारी समीक्षा अपुरी आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३० नंतर जे काम केले, तेच हे काम: ज्याला वाचता येत नाही त्याला सत्तेचा अर्थ वाचून दाखवणे. आज आपल्या कवितेत पँथर भरपूर आहे. तलाठ्याची सात-बारावरची नोंद कशी बदलते, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे मुरतो, हे सांगणारी एक तरी चित्रपुस्तिका आपल्या चळवळीने गेल्या पाच वर्षांत काढली का?

३ मे १९६६ रोजी हेनव्हिलच्या चर्चपाशी सुमारे नऊशे माणसांनी आपले उमेदवार निवडले. ८ नोव्हेंबरला सात जण उभे होते. सातही हरले. अॅलिस मूर यांना सुमारे सोळाशे मते पडली. प्रतिस्पर्ध्याला बावीसशेच्या वर. प्रत्येकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मते मिळाल्यामुळे पक्षाला मान्यता मिळाली, पण एकही जागा मिळाली नाही.

जिथे पाचांत चार माणसे आपली, तिथे आपण हरतो कसे? हा प्रश्न या तिन्ही पुस्तकांच्या मुळाशी आहे, आणि माझ्याही.

उत्तराचा पहिला भाग असा की नोंदणी झालेले काळे मतदार प्रौढांच्या जवळपास निम्मेच होते. उरलेल्यांना भीती होती आणि ती काल्पनिक नव्हती. १९६५ च्या अखेरीस मळेवाल्यांनी नोंदणी करणाऱ्या कुळांना घरांतून काढले. वाट्याने शेती करणारी ही कुटुंबे हायवे ८० च्या कडेला तंबू ठोकून राहिली. त्या वस्तीला 'टेंट सिटी' म्हणत आणि तिच्यावर रात्री गोळ्या झाडल्या जात. उत्तराचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. मतदानाच्या दिवशी मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकमध्ये भरून केंद्रावर आणले. मत कोणाला द्यायचे, ते आधीच ठरवून दिलेले होते. म्हणजे काळ्या हातांनी कोंबड्यावर फुली मारली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. माझे वडील सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरायचे. धान्य किती, पैसे किती, कपड्याचा जोड किती. १९९५ च्या विधानसभेच्या वेळी मी सात-आठ वर्षांचा होतो. सकाळी मालकाचा ट्रॅक्टर वस्तीवर आला. ट्रॉलीत माणसे भरली, शिक्का कुठे मारायचा ते ट्रॉलीतच सांगण्यात आले. संध्याकाळी आईने विचारले, "कुठं मारला?" वडील म्हणाले, "ज्याच्या कणगीतलं खातो त्याच्या खुणेवर." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. पुढे कॉलेजात गेल्यावर, चळवळीची भाषा अंगात भिनल्यावर, मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालो की तुम्ही बाबासाहेबांचे मत विकले. ते काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन बसले.

आपल्या व्यासपीठांवर आजही 'मत विकणारा समाज' असे म्हणून लोकांना झोडपले जाते. बोलणारा बहुधा पगारदार असतो; माझ्यासारखा. लाउंड्सचा ट्रक पाहिल्यावर मला कळले की विकण्यासाठी आधी वस्तू आपल्या मालकीची असावी लागते. ज्याचे घर मालकाच्या जमिनीवर, ज्याचे धान्य मालकाच्या कणगीत, त्याच्या मताची मालकी कायद्याने त्याला दिली तरी व्यवहाराने ती मालकाकडे राहते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती आपण किती काळ चालवणार? आपण हे भाषण दरवर्षी संविधान दिनाच्या सुमारास ऐकतो आणि त्याचा ट्रॅक्टरशी संबंध लावत नाही.

कारमायकेल आणि हॅमिल्टन यांचे प्रकरण याच पराभवाशी येऊन थांबते. त्याचा सूर पराभवाचा नाही. ते याला आरंभ मानतात. त्यांचा युक्तिवाद असा की स्वतःची संघटना, स्वतःचे चिन्ह आणि स्वतःचे उमेदवार हेच मोठे संपादन आहे, जागा नंतर येतील. १९६७ साली, धूर विरण्याआधी लिहिणाऱ्याला असे लिहिण्याचा अधिकार होता. परंतु आपल्याकडे हेच पुस्तक अर्धे वाचले गेले. त्यातला 'पॉवर' घेतला. काउंटीतले कष्टाचे काम, घरोघर जाऊन एकेक माणूस नोंदवणे, रात्रीच्या वर्गांत कर आकारणी शिकवणे, हे सोडून दिले. आपण गर्जना आयात केली आणि नोंदवही तिथेच ठेवून आलो.

जेफ्रीज यांचे पुस्तक पुढची गोष्ट सांगते, आणि म्हणून आपल्याला ते अधिक उपयोगी आहे. १९७० साली जॉन ह्यूलेट शेरिफ म्हणून निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या काउंटीत एकही काळा मतदार नव्हता, तिथे काळा माणूस पोलिसांचा प्रमुख झाला. वीस वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर होते. ज्या बिल्ल्याला पाहून माणसे झाडीत लपत, तो बिल्ला आपल्या माणसाच्या छातीवर आला. मतदानाने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु १९७० च्या त्या निवडणुकीपर्यंत काउंटीपुरता पक्ष अलाबामाच्या नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टीत विलीन झाला होता, आणि पुढे नेते डेमोक्रॅटिक पक्षातच गेले. जेफ्रीज म्हणतात की 'स्वातंत्र्याचे राजकारण' मागे पडले. उमेदवार लोकांच्या खुल्या सभेत ठरणे थांबले, कार्यक्रमापेक्षा माणूस मोठा झाला आणि निवडणूक पुन्हा पदांपुरती उरली.

हे निदान वाचताना रिपब्लिकन पक्षाची आठवण झाली नाही तर नवल. डिसेंबर १९६४ ते फेब्रुवारी १९६५ या काळात, म्हणजे लाउंड्सचे लोक नाव नोंदवायला निघण्याच्या जेमतेम आधी, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. मागणी जमिनीची होती. १९६७ साली त्याच पक्षाने जिल्हा परिषदांसाठी काँग्रेसशी युती केली. जमिनीची मागणी मागे गेली, जागावाटप पुढे आले, आणि मग गटांची संख्या मोजण्यातच आपली एक पिढी खपली. जेफ्रीज यांनी आपला इतिहास लिहिलेला नाही, पण त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात आपला चेहरा दिसतो.

तरीही जेफ्रीज यांच्याशी माझा एक मतभेद आहे. त्यांच्या मांडणीचा भर लोकशाही पद्धत सोडल्याच्या दोषावर, म्हणजे शेवटी नेतृत्वाच्या वर्तनावर पडतो. हा दोष खरा आहे. पण समजा, नेतृत्व शेवटपर्यंत निर्मळ राहिले असते आणि दर वर्षी चर्चपाशी खुली सभा भरली असती, तरी त्या सभेच्या हाती काय होते? शेरिफ आपला, पण जमीन त्यांची. शाळा मंडळ आपले, पण गोऱ्यांची मुले खासगी शाळांत गेलेली आणि शाळेला लागणारा मालमत्ता कर राज्याच्या संविधानाने जखडलेला. काउंटीची सत्ता काळ्यांच्या हाती आली, पण तिच्या वर राज्य बसलेले आणि खाली जमीन मालकाची. आपल्या राखीव सरपंचाला हे सांगायला नको. त्याच्या नावाचा शिक्का असतो, आणि तो शिक्का अनेक गावांत वाड्यावर ठेवलेला असतो.

आजचे मतदान पाहू. २००८ आणि २०१२ साली ओबामांना लाउंड्समध्ये चारांत सुमारे तीन मते पडली. २०२० साली बायडन यांनाही सत्तर टक्क्यांहून अधिक मिळाली आणि २०२४ सालीही काउंटी डेमोक्रॅटिकच राहिली. राज्य मात्र १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनांचे आहे. वरवर पाहणारा म्हणेल की तिथले काळे परंपरेने डेमोक्रॅटिक. परंतु परंपरेने ते त्या पक्षाचे कधीच नव्हते; तो कोंबड्याचा पक्ष होता. १९६४ साली नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे गोल्डवॉटर रिपब्लिकनांकडून उभे राहिले आणि अलाबामाच्या गोऱ्यांनी पक्ष बदलायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत गोरे एका चिन्हावरून दुसऱ्यावर गेले आणि काळे त्यांनी रिकाम्या केलेल्या घरात शिरले. वर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, तिकडं हत्ती गोऱ्यांचा का?" मुले हसली. त्याच्या घरी हत्ती म्हणजे १९५२ चे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. मी त्याला म्हटले, चिन्ह कोणाचे ते प्राण्यावरून ठरत नाही. त्यावर फुली मारणाऱ्याची जमीन कोणाकडे आहे, त्यावरून ठरते.

लाउंड्सच्या मतदानात पक्ष बदलले, चिन्हे बदलली, पण एक रेषा बदलली नाही. गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. वर्णाने पडलेली ही रेषा म्हणजे मतदारांचा अडाणीपणा नव्हे. समाजात जी भिंत आहे तिची ती मतपेटीत पडलेली सावली आहे. आपल्याकडे 'जातीवर मतदान' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे समजून घ्यावे. वस्ती जातीवर, विहीर जातीवर, स्मशान जातीवर, आणि मत तेवढे निर्विकार असावे, ही अपेक्षा फक्त वरच्या माडीवरूनच करता येते.

मिळालेला हक्कही पुन्हा कुरतडला जातो. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात मतदान हक्क कायद्याचे एक मुख्य कलम निष्प्रभ केले. शेल्बी ही अलाबामातलीच काउंटी. त्यानंतर राज्यात छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले आणि २०१५ साली पैशाचे कारण देऊन वाहन परवान्याची ३१ छोटी कार्यालये बंद करण्यात आली; त्यांत ब्लॅक बेल्टमधील काउंट्यांचा मोठा भरणा होता. ओरड आणि केंद्राची चौकशी झाल्यावर राज्याला माघार घ्यावी लागली. १९६५ ची परीक्षा गेली. तिच्या जागी खिडकीवरची पाटी आली.

आता तिसरे पुस्तक. कॅथरिन फ्लॉवर्स लाउंड्समध्ये वाढल्या. त्यांचे आईवडील चळवळीतले. 'वेस्ट' म्हणजे घाण, मैला. पुस्तकाचा विषय तोच आहे. लाउंड्समधल्या अनेक घरांना गटाराची सोय नाही. काळी चिकण माती पाणी शोषत नाही. साधी टाकी चालत नाही, आणि चालणारी यंत्रणा बसवायला हजारो डॉलर लागतात, जे लोकांकडे नसतात. मग मैला घरामागे उघड्यावर वाहतो. वर कायदा असा की हा गुन्हा. गरिबालाच नोटीस, गरिबालाच अटकेची भीती. २०१७ च्या एका अभ्यासात तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांत आकडेकृमीचा अंश सापडला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, हायवे ८० च्या कडेला. २०२३ साली केंद्रीय न्याय खात्याने नागरी हक्कांच्या कायद्याखाली चौकशी करून राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करार मोडीत काढला.

फ्लॉवर्स यांचे पुस्तक वाङ्मयीन दृष्टीने पहिल्या दोहोंइतके रेखीव नाही. त्यात आत्मकथन, अहवाल आणि प्रचार यांची सरमिसळ आहे. मदत मिळवण्यासाठी त्या बड्या राजकारण्यांना, अगदी विरोधी विचारांच्यांनाही, काउंटीत आणून घाण दाखवतात. काही वाचकांना ही तडजोड वाटेल. मला ती वाटली नाही. दलित आत्मकथनांवर 'हे साहित्य की तक्रार' असा प्रश्न एकेकाळी विचारला गेला, तसाच प्रश्न या पुस्तकालाही विचारता येईल. उत्तरही तेच आहे. जे इतरांना तक्रार वाटते, तो जगणाऱ्याचा पुरावा असतो. आणि हा पुरावा पहिल्या दोन पुस्तकांवर प्रकाश टाकतो. १९६६ ला मतपेटीत जो प्रश्न टाकला होता, श्रीमंतांवर कर बसवून गरिबांना खायला घालण्याचा, तो आज घरामागे साचून उभा आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्यांना भावनेची देवाणघेवाण नको होती. कागद हवा होता, युक्तिवाद हवा होता. आपणही लाउंड्सकडून त्याच रीतीने घ्यावे. दोन परिस्थिती एकच आहेत असे मी म्हणत नाही. ते काउंटीत बहुसंख्य होते; आपण जवळजवळ प्रत्येक गावात अल्पसंख्य आहोत. म्हणूनच त्यांचा अनुभव आपल्याला अधिक बोचायला हवा. 'आपण संख्येने कमी पडतो' हे आपल्या प्रत्येक पराभवाचे तयार उत्तर असते. लाउंड्समध्ये संख्या होती. संख्या असूनही १९६६ ला ते हरले, आणि जिंकल्यावरही गटार बांधता आले नाही. तेव्हा संख्येच्या पलीकडचे काही पाहावे लागेल.

माझ्या समजुतीने ते तीन गोष्टींत आहे. जमिनीचा प्रश्न निवडणुकीच्या जाहीरनाम्यात नव्हे, संघटनेच्या रोजच्या कामात असला पाहिजे. गायरान कसणाऱ्याच्या नावावर पट्टा होणे हे त्याचे मत मोकळे करण्याचे पहिले साधन आहे. उमेदवार मुंबईच्या बंद खोलीत नव्हे, वस्तीच्या उघड्या सभेत ठरला पाहिजे. नऊशे माणसे हेनव्हिलच्या चर्चपाशी दहशतीच्या दिवसांत हे करू शकली. आणि सत्तेचे बारीक अक्षर लोकांना वाचून दाखवणारे साहित्य आपण लिहिले पाहिजे, ते कोणत्याही संमेलनात वाचले गेले नाही तरी चालेल.

राहता राहिले वडील. निवडणुकीच्या त्या प्रश्नानंतर आमच्यात या विषयावर बोलणे झाले नव्हते. मागच्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा त्यांना टेंट सिटीची गोष्ट सांगितली. मालकाने घराबाहेर काढले तरी तंबूत राहून मत दिलेल्या माणसांची. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "तंबूला जागा कोणाची होती?" मी म्हटले, काळ्या लोकांनीच सहा एकराचा तुकडा विकत घेतला होता. ते म्हणाले, "मग बरोबर. पाय टेकायला जागा होती." एवढे बोलून ते गप्प झाले. राज्यशास्त्राचा पगार घेणाऱ्या मला जे तीन पुस्तके वाचून कळले, ते त्यांना एका प्रश्नात कळले होते. मी त्यांची माफी मागितली.